पुढची चटई

बाळंतपणाच्या तयारीचा वर्ग शिकवणाऱ्या ताईंच्या घरीच, हॉलमध्ये भरायचा. बाकीच्या जणी नवऱ्यांना घेऊन आल्या होत्या. एकीच्या नवऱ्याची दुपारची पाळी होती, म्हणून तिच्या सासूबाई हौसेने आल्या. सगळ्यांच्या पुढे चटई अंथरून बसल्या आणि श्वासाचा सराव तर असा केला, की चेहरा लालबुंद झाला. प्रश्नांची सरबत्ती काही थांबेना. "कळ आली की कंबर नेमकी कुठे दाबायची? तिला पाणी देऊ ना? आणि तिच्याबरोबर मीही ओरडले तर चालेल?"

सून तोंडावर हात धरून हसत होती.

"आजी, तुम्ही तर यातून गेलेल्या आहात," ताई कौतुकाने म्हणाल्या. "कळा कशा असतात, तुम्हीच सांगा या मुलींना."

सासूबाई म्हणाल्या, "मला नाही हो सांगता येणार. आमचा लेक दत्तक आहे. घरी आणला तेव्हा दोन दात होते त्याला."

तेवढ्यात सुनेच्या पोटात बाळाची लाथ बसली. तिने सासूबाईंचा हात ओढून तिथेच दाबून धरला.

"ताई, तुम्ही शिकवा पुढे," ती म्हणाली. "आमची दोघींचीही पहिलीच वेळ आहे."