सोडलेला पाव

दादाला यकृताचा तुकडा द्यायचा तर धाकट्या भावाच्या यकृतावरची चरबी आधी उतरायला हवी होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आदिमानवासारखं खा. मांस, अंडी, भाज्या. धान्य बंद. वजनं उचला." दादा पलंगावरून हसला. "बेकरीवाला पाव सोडणार? मग मी मेलोच की!" धाकटा हट्टाला पेटला. दिवसभर भट्टीतून पाव काढायचा, पण तोंडात कणही टाकायचा नाही. संध्याकाळी मैद्याची पोती उचलायचा. आज पाय, उद्या पाठ, परवा छाती, कुठलाच भाग रुसायला नको. तीन महिन्यांनी रिपोर्ट आला: यकृत देण्याजोगं. तेव्हा दादाला जाऊन दोन दिवस झाले होते. वहिनीने चहासोबत धाकट्यापुढे त्याच्याच भट्टीतला पाव केला. "खा, भाऊजी. आता कोणासाठी सोडायचा?" त्याने तुकडा मोडला. पाव गोड लागला. हात नकळत दुसऱ्या पावाकडे गेला, तेव्हा तो पहिल्यांदा रडला.