साय काढून

गार्गीला कोमट दूध प्यायल्याशिवाय झोप लागत नसे. आज तिला शीतनिद्रेत ठेवायचं होतं. तिच्या दुखण्यावर औषध निघायला ऐंशी वर्षं तरी लागतील, असं डॉक्टर म्हणाले होते. तोवर ती सात वर्षांचीच राहणार होती. अट एकच, पोट रिकामं हवं.

याआधी दोनदा, ठरलेल्या दिवशीच, सुनयनानं जायफळ उगाळून लेकीला दूध दिलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, तर "सवयीनं दिलं गेलं हो," म्हणाली. दोन्ही वेळा गार्गी घरी परतली आणि आईच्या कुशीत कण्हत राहिली.

आजही निघताना सुनयनानं पेला पुढे केला. गार्गीनं तो हळूच मागे सारला.

"नको आई. दूध प्यायलं की ते झोपवत नाहीत. मला खूप दुखतं गं."

सुनयनानं पेला खाली ठेवला.

"उठल्यावर देशील ना? साय काढून?"

"देईन हं, राणी."

संध्याकाळी गार्गीच्या पेटीचं झाकण बंद झालं. त्यावर तिचं नाव आणि आजार लिहिला होता. सुनयनानं पेन मागून घेतलं आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलं, 'उठल्यावर कोमट दूध द्यावे. साय काढून.'