यंत्र म्हणतंय
बाबा गेल्यानंतर त्यांची गाडी मी पहिल्यांदाच काढली. आई सवयीने लॅपटॉपला जोडलेली जीपीएसची डबी काचेपाशी ठेवून, लॅपटॉप मांडीवर घेऊन शेजारी बसली. आयुष्यात कुणाला रस्ता न विचारणारे बाबा शेवटी शेवटी लॅपटॉपमधल्या नकाशाच्या भरवशावर गाडी चालवायचे. नकाशा वाचायची आई. "पुलानंतर डावीकडे घे," ती म्हणाली. वळताना माझं लक्ष गेलं, तर स्क्रीन काळी. "आई, हा बंद आहे." "केव्हाच बंद पडलाय." "मग बाबांना रस्ता कोण सांगायचं?" "मीच. वळणं विसरायला लागले होते गं. यंत्र म्हणतंय म्हटलं की निमूट वळायचे. बायकोचं कधी ऐकलंय त्यांनी?" आई हसली, डबीवरची धूळ बोटाने पुसत राहिली. लहानपणापासून पाठ असलेला आजोळचा फाटा आला. मी वेग कमी केला. "यंत्र काय म्हणतंय?" आईने लॅपटॉप सरळ केला. "उजवीकडे म्हणतंय."