पुढची फळी

अ‍ॅल्युमिनियमची होडी लाटेवरून खाली आपटली, तशी पुढच्या फळीवर बसलेल्या बायकोच्या कमरेतून निघालेली कळ थेट मानेपर्यंत गेली. तिने दात आवळले आणि मागे वळून नवऱ्याकडे बघून चांगली तोंडभर हसली. कळ आली हे त्याला दिसता कामा नये, म्हणून ही सगळी खटपट.

दोघांची जुनी लाकडी होडी यंदा पार खिळखिळी झाली होती. नवी घ्यायची तर त्यांच्या मापाच्या दोनच होत्या, एक ही पत्र्याची आणि दुसरी फायबरची. होड्या विकणारा बंदराच्या आत एकेक चक्कर मारून आणायला तयार होता. आतल्या पाण्यात काय, घमेलंसुद्धा झकास चालतं, असं बायको म्हणाली. म्हणून तिघं बंधाऱ्याबाहेर आली होती, जिथे दुपारचा वारा पाण्याला नुसता घुसळून काढत होता.

महिन्यापूर्वी डॉक्टरांनी तिच्या मणक्याचा एक्स-रे पाहून धक्के टाळायला सांगितलं होतं. तिने ऐकलं, धक्के टाळा. नवऱ्याने ऐकलं, समुद्र टाळा. त्या दिवसापासून तो या विषयावर चकार शब्द बोलला नव्हता. आणि हा माणूस गप्प बसला की खुशाल समजावं, याने परस्पर काहीतरी ठरवून टाकलंय.

अठ्ठावीस वर्षं ती पुढे आणि तो मागे, इंजिनापाशी. इंजिनाच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून ती नुसता हात दाखवायची. उजवीकडे, डावीकडे, आणि मूठ वळली की हळू. तो समोरचं पाणी बघतच नसे, तिचा हात बघे. घरात तिचं एक ऐकायचा नाही, पण पाण्यावर तिच्या शब्दाबाहेर नव्हता.

आता मोठी लाट समोरून येताना दिसली आणि तिने मूठ वळली. होडीचा वेग काही कमी झाला नाही. पत्र्याचा डबा जिन्यावरून गडगडत जावा तसा आवाज झाला. तिने मागे पाहिलं तर नवरा इंजिनापाशी उभा राहून, मान उंच करून, तिच्या डोक्यावरून पलीकडचं पाणी बघत होता. तिच्या मनात पाल चुकचुकली.

मग फायबरच्या होडीतून चक्कर झाली. ती जड अंगाची, लाटेवर चढून आपटण्याऐवजी लाट कापत जाणारी. आपल्याला कंबर आहे हेच बायको थोडा वेळ विसरली. नवरा मात्र याही होडीत उभाच होता.

किनाऱ्याला लागल्यावर विकणाऱ्याच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. पत्र्याची घेतली तर रंगाची कटकट नाही, फायबरची घेतली तर अंगाला आराम. कुठलीही विकली गेली तरी त्याला आनंदच होता. नवऱ्याचं तिकडे लक्षच नव्हतं. तो वाळूवरच्या होड्यांचं पुढचं टोक एकट्याने उचलून बघत होता. पत्र्याची गुडघ्यापर्यंत वर आली. फायबरची जागची हलली नाही.

"पत्र्याचीच घेऊ," तो हात झटकत म्हणाला. "खडकाला घासली तर पोचा पडेल, तेवढंच. फायबरला तडा जातो."

"अठ्ठावीस वर्षांत मी तुम्हाला एकदा तरी खडकावर जाऊ दिलंय?"

विकणारा हसला. नवरा हसला नाही. पत्र्याची हलकीही आहे, तो होडीकडे बघतच म्हणाला, परत आल्यावर एकट्या माणसाला वर ओढता येते.

एकट्या माणसाला. आता कुठे तिला उलगडा झाला. त्याचं ते उभं राहणं, ते हाताकडे न बघणं. गडी तिच्याशिवाय होडी चालवायचा सराव करत होता, आणि तोही तिला पुढे बसवून. तिला सणसणीत राग आला. मग हा माणूस आपल्या कमरेपायी उतारवयात एकटा समुद्रावर जायला निघालाय हे लक्षात येऊन तिचा राग ओसरला. पण राग ओसरला म्हणून कोणी आपली जागा सोडत नाही.

तिने विकणाऱ्याला विचारलं, "ही फायबरची वर घ्यायला किती माणसं लागतील?"

"दोन तरी हवीत, वहिनी," तो जरा ओशाळून म्हणाला. "एकाने ढकलायचं, दुसऱ्याने खालून पाइप सरकवत राहायचे, प्लास्टिकचे. पाइप सरकवायला जोर नाही लागत, पण माणूस लागतो. एकट्याचं काम नाही ते, खोटं कशाला सांगू."

"मग फायबरचीच द्या."

"अगं, ऐकतेयस ना?" नवरा म्हणाला. "माझ्या एकट्याच्याने ती जागची हलणार नाही."

"म्हणूनच."

 नवरा फायबरच्या होडीभोवती एक फेरी मारून आला, कडेवरून हात फिरवला, वाकून आत बघितलं. बायको वाळूत पाय रोवून उभी होती. तिला आता कसलीच घाई नव्हती.

शेवटी त्याने विकणाऱ्याला विचारलं, बसायच्या फळीवर गादी बसवून मिळेल का. विकणारा खूश झाला. दोन्ही फळ्यांवर बसवून देतो म्हणाला.

"मागच्या फळीला नको," नवरा म्हणाला. "पुढचीच दुप्पट जाड करा."