तुळशीरामचा वस्तरा

"अण्णा, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत तोवर मी तुमच्या गालाला वस्तरा लावणार नाही," तुळशीराम म्हणाला आणि रिकाम्या खुर्चीवरचे केस झटकू लागला.

उद्या नातीचा साखरपुडा, आणि माझ्या गालांवर आठवड्याचे खुंट. हृदयात स्टेंट बसल्यावर याच दुकानात मी सांगितलं होतं, की कैरी चिरताना बोट कापलं आणि एवढं रक्त वाहिलं, की आमची मांजर पोहत ओट्यावर चढली. आयुष्यभर माझी एकही गोष्ट कुणी खरी मानली नाही, नेमकी हीच मानली.

"अरे, थेंबभर आलं होतं. मांजर तर झोपली होती," मी वैतागून खरं ते सांगून टाकलं.

"आता दाढीसाठी थापा मारू नका," बाकावर बसलेल्या गिऱ्हाइकांतला शिंपी म्हणाला.

मी खुर्चीत ठाण मांडलं. शेवटी तुळशीरामने पाठमोरं होऊन काहीतरी खुडबुड केली, साबण फासला आणि अगदी अलगद वस्तरा फिरवला. मग तुरटी लावली. एरवी झोंबणारी तुरटी आज मुळीच झोंबली नाही. गाल चाचपले, तर खुंट जागच्या जागी. पठ्ठ्याने वस्तऱ्यात पातं घातलंच नव्हतं.

"झाली बघा, अण्णा. कशी गुळगुळीत," तो माझी नजर चुकवत म्हणाला.

मी चिडून बाकाकडे वळलो. सगळे गंभीरपणे माना डोलावत होते.

"खरंच," शिंपी म्हणाला, "उद्या नवरा मुलगा कोण, हेच कळायचं नाही."