गळके शॉकअप

"पुढचे शॉकअप गळतायत, बघ जरा. आणि तुझ्या ताईला म्हणावं, पिशवी भर," दाजींनी कुंडलिकच्या गॅरेजसमोर मोटारसायकल लावत फर्मावलं. त्यांच्या मारहाणीला कंटाळून ताई भावाकडे, कुंडलिककडे निघून आली होती. तिच्या पाठीवरचे पट्ट्याचे वळ अजून उतरले नव्हते.

कुंडलिक गाडीपुढे बसला. रबरी सील फाटून शॉकअपमधलं तेल ओघळत थेट ब्रेकच्या चकतीवर आलं होतं. वरवर फडकं मारून "झालं" म्हटलं असतं, तर घाट उतरताना पहिल्याच वळणावर ब्रेक लागला नसता. फडकं हातातच होतं. त्यानं ते बराच वेळ आवळून धरलं.

मग त्यानं पुढचं चाक काढलं, दोन्ही शॉकअप उतरवले, काळं तेल डबड्यात ओतलं आणि आतल्या स्प्रिंगा काढून गोणपाटावर मांडल्या.

"अरे, एवढं कशाला उघडलंस?"

"नवे सील बसवायला. तालुक्याहून मागवतो. गाडी परवा मिळेल."

"आहे तसं जोडून दे!"

"नाही जोडणार. ब्रेक लागला नाही तर तुम्ही दरीत जाल, आणि मला तुम्ही जिवंत हवेत, दाजी. ताईनं काल पोलिसात तक्रार दिलीय. कोर्टात तिच्यासमोर उभं राहायला तुम्ही लागणार."

दाजी घाटाच्या रस्त्यानं पायीच निघाले. काल पोलिसात जाऊन आली तेवढं सोडलं, तर गेले कित्येक दिवस घराबाहेर न पडलेली ताई गॅरेजलगतच्या घराच्या दारात आली, आणि ते वळणाआड होईपर्यंत तिथून हलली नाही.