डॉट डेंटिस्ट

दवाखान्यात खुर्च्या दोन. एकीवर नवरा दाढा काढतो, दुसरीवर मी. पण नव्या वेबसाइटवर फोटो मात्र त्याचा एकट्याचा. "दोन-दोन डॉक्टर बरे दिसत नाहीत गं," म्हणाला. आणि साइटचं नाव काय, तर आमचं आडनाव डॉट डेंटिस्ट! "डॉट कॉम काय, कुणीही सोम्यागोम्या घेतो," असा तोरा मिरवत महाशय गावभर कार्डं वाटून आले.

आता माझ्या खुर्चीला उसंत नाही. हा स्वतःच्याच रिकाम्या खुर्चीत रेलून विचारतो, "लोक माझी साइट बघतच नाहीत का गं?"

कार्ड हातात असलं तरी लोक सवयीनं शेवटी डॉट कॉमच टाइप करतात. ते मी घेऊन त्यावर माझा फोटो लावलाय, आडनाव तर लग्नात यानंच दिलं होतं.